‘विश्व’ शब्दाचा अर्थ आणि उगम

जे जे म्हणून आहे त्या सगळ्याला मिळून एकच नाव द्यावयाचे झाले, तर मराठीत आठ-नऊ शब्द हाताशी येतात. विश्व, ब्रह्मांड, जग, लोक, भुवन, सृष्टी, संसार आणि प्रपंच हे संस्कृतातून आलेले, तर दुनिया हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला. कोशांत हे शब्द पुष्कळदा एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून दिलेले आढळतात. परंतु त्यांची मुळे निराळी आहेत, ज्या प्रश्नांना उत्तर म्हणून ते घडले ते प्रश्न निराळे आहेत, आणि मराठीने शतकानुशतकांच्या वापरात त्यांची कामेही निराळी वाटून दिली आहेत. यांपैकी ‘विश्व’ या शब्दाचा उगम कोणता, त्याचा अर्थ कसा पालटत गेला, आणि आधुनिक खगोलशास्त्राने मराठीत ‘ब्रह्मांड’ बाजूला ठेवून मुख्यतः तोच का स्वीकारला, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे. इतर शब्दांचा विचार त्या ओघात येईल.

ऋग्वेदात ‘विश्व’ हे जगाचे नाव नाही. तेथे त्याचा अर्थ ‘सर्व’, ‘प्रत्येक’ असा आहे आणि तो विशेषणासारखा वापरला जातो: सर्व भुवने, सर्व माणसे, सर्व देव. ‘विश्वेदेव’ म्हणजे सगळे देव मिळून. पुढे हाच शब्द श्राद्धविधीत एका ठरावीक देवगणाचे नाव झाला, हा भाग वेगळा. पाणिनीने सर्वनामांचा जो गण सांगितला आहे त्यात ‘सर्व’ या शब्दाच्या पाठोपाठ ‘विश्व’ येतो, म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने हे दोन शब्द जुळी भावंडेच आहेत. सर्वनाम असल्यामुळे त्याची रूपे ‘सर्व’सारखी चालतात, आणि चतुर्थीत ‘विश्वस्मै’ असे रूप होते. परंतु तोच शब्द कशाचे तरी नाव म्हणून आला की तो सर्वनाम राहत नाही आणि ‘विश्वाय’ असे साधे रूप होते. हा नियम बारीकसा वाटला तरी त्यात शब्दाचा सगळा इतिहास साठलेला आहे, कारण ‘सगळे’ या अर्थाचे विशेषण ‘सगळे जे आहे ते’ या अर्थाचे नाम कसे झाले, त्याची खूण या दोन रूपांत उरली आहे.

भाषेच्या कुळात पाहिले तर शब्दाचे वय आणखी मागे जाते. अवेस्तेच्या भाषेत ‘वीस्प’, लिथुआनियन भाषेत ‘व्हिसास’ आणि जुन्या स्लाव्ह भाषांतील तशीच रूपे या सर्वांचा अर्थ ‘सर्व’ असाच आहे, आणि ध्वनींचा मेळही नियमाने जुळतो. मुंबईतील पारशी समाजात गाहंबार या ऋतूत्सवांच्या वेळी जो ‘विस्परद’ म्हटला जातो, त्याचे नावच मुळी ‘सर्व रतू’, म्हणजे सर्व अधिष्ठाते, अशा अर्थाच्या शब्दांतून बनलेले आहे. श्राद्धातले विश्वेदेव आणि अग्यारीतला विस्परद यांचे पहिले पद एकाच मुळाचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘विश्व’ शब्दातला ‘जग’ हा अर्थ किती उशिराचा आहे ते स्पष्ट होते. पुढच्या संस्कृतात ‘सगळे’ या अर्थी ‘सर्व’ शब्द रूढ होत गेला, ‘विश्व’ त्या कामातून जवळजवळ मोकळा झाला आणि मोकळा झालेला हा शब्द नाम म्हणून स्थिरावला. ‘विश्वामित्र’, ‘विश्वकर्मा’, ‘विश्वरूप’ या जुन्या समासांत मात्र ‘सर्व’ हा अर्थ अजून जागा आहे. विश्वामित्र हे ऋषीचे नाव असताना मधला स्वर दीर्घ होतो, एवढ्यासाठी पाणिनीने एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे.

परंपरेने दिलेली व्युत्पत्ती वेगळी आहे. उणादी सूत्रांनुसार ‘विश्’ म्हणजे प्रवेश करणे या धातूला ‘क्वन्’ प्रत्यय लागून ‘विश्व’ शब्द सिद्ध होतो, आणि मग ‘ज्यात आत्मा शिरला आहे ते’ किंवा ‘जे सर्वत्र शिरलेले आहे ते’ असे अर्थ लावले जातात. तुलनात्मक भाषाशास्त्राला ही फोड मान्य होण्यासारखी नाही, कारण अवेस्तेतील आणि बाल्टिक भाषांतील भावंडांत प्रवेशाच्या अर्थाचा मागमूसही नाही. तरीही ती टाकून देण्याजोगी नाही: शब्द प्रत्यक्षात कसा जन्मला हे ती सांगत नसली, तरी शतकानुशतके तो कसा समजला गेला हे तीच सांगते, आणि भक्तिपर ग्रंथांतला अर्थ समजून घ्यायला हा दुसरा इतिहास अधिक उपयोगी पडतो. वेदांताच्या परिभाषेत तर ‘विश्व’ शब्दाला एक अनपेक्षित वळण मिळाले आहे. तेथे जागेपणी बाह्य विषयांचा अनुभव घेणाऱ्या एकेका जीवाला ‘विश्व’, स्वप्नातल्याला ‘तैजस’ आणि गाढ झोपेतल्याला ‘प्राज्ञ’ म्हणतात, आणि समष्टीच्या बाजूला ‘विराट’ हा शब्द येतो. जुना मराठी वेदांतपर ग्रंथ वाचताना ‘विश्व’ दिसताच चटकन ‘जग’ असा अर्थ घेणारा वाचक अशा ठिकाणी हमखास फसतो.

फसवणाऱ्या जागा आणखीही आहेत. ‘विश्वास’ आणि ‘विश्वस्त’ हे शब्द ‘वि’ उपसर्ग आणि ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे या धातूपासून झालेले असून त्यांचा ‘विश्व’शी काही संबंध नाही. त्याहून लक्षणीय उदाहरण म्हणजे ‘अठरा विश्वे दारिद्र्य’ हा रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार. अठरा विश्वे व्यापून उरेल एवढे दारिद्र्य, असा अर्थ पुष्कळ जण लावतात आणि तो भव्यही वाटतो. परंतु येथील ‘विश्वा’ किंवा ‘विसवा’ म्हणजे विसावा हिस्सा, आणि त्याचे मूळ ‘वीस’ या संख्येत आहे. पंचांगातील संवत्सरफळात पाऊस, धान्य इत्यादींचे प्रमाण विसांपैकी इतके विश्वे असे सांगण्याची जुनी पद्धत आहे. अठरा विश्वे दारिद्र्य म्हणजे विसांत अठरा भाग दारिद्र्य, सुबत्तेला उरले ते दोनच भाग. हा हिशेब कळला की वाक्प्रचारातली भव्यता जाते खरी, पण शेतीवाडीचा आणि पंचांगाचा जो नेमकेपणा त्यात आहे तो हाती लागतो, आणि तो अधिक मोलाचा आहे.

‘ब्रह्मांड’ या शब्दाचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. ‘विश्व’ला आकार नाही, ‘ब्रह्मांड’ला आकार पहिल्यापासून आहे, आणि तो अंड्याचा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२१ व्या सूक्तात ‘हिरण्यगर्भ’ म्हणजे सोन्याचा गर्भ येतो. शतपथ ब्राह्मणात पाण्यावर वर्षभर तरंगणारे सोन्याचे अंडे येते. आणि छांदोग्य उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात हे चित्र पूर्ण उलगडते. तेथे ते अंडे वर्षभर पडून राहते आणि मग फुटते. त्याचे चांदीचे अर्धुक ही पृथ्वी आणि सोन्याचे अर्धुक हा द्युलोक. बाहेरचे जाड वेष्टन म्हणजे पर्वत, आतले पातळ वेष्टन म्हणजे मेघ व धुके, शिरा म्हणजे नद्या, आतले पाणी म्हणजे समुद्र, आणि त्यातून जन्मलेला जीव म्हणजे सूर्य. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात या अंड्यातून ब्रह्मदेव जन्मतो. पुराणांनी ‘ब्रह्मांड’ हा शब्द घरोघर नेला, आणि अठरा पुराणांपैकी एकाचे तर तेच नाव आहे.

पुराणांतील ब्रह्मांडाला कवच असते, ही गोष्ट पुढील चर्चेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात म्हटले आहे की कवठाचे बी जसे सर्व बाजूंनी कवचाने वेढलेले असते तसे हे जग अंडकटाहाने वेढलेले आहे. कटाह म्हणजे कढई किंवा कढईसारखे खोलगट कवच. अशा दोन कढया तोंडाला तोंड लावून ठेवल्या म्हणजे मधल्या पोकळीत सात लोक वर आणि सात पाताळे खाली, अशी चौदा भुवने मावतात. या कवचाबाहेर पाणी, अग्नी, वायू, आकाश इत्यादींची एकाहून एक दसपट जाड आवरणे सांगितली आहेत. ज्याला बाहेर आहे आणि ज्याच्यासारखी आणखीही असू शकतात, असे हे एक भांडे आहे. म्हणूनच पुराणांना आणि भक्तांना ‘अनंतकोटी ब्रह्मांडे’ म्हणताना कसलीच अडचण पडत नाही, आणि ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ हे देवाचे व संतांचे बिरुद मराठी आरत्या-जयघोषांत सहज रुळले आहे.

या ब्रह्मांडाचे माप सांगण्याचा प्रसंग सिद्धांतग्रंथांतील ज्योतिषगणितावर आला, तेव्हा काय झाले हे भास्कराचार्यांच्या ग्रंथात पाहण्यासारखे आहे. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला; त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापणारा त्यांचा नातू चंगदेव याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे असून भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. सिद्धांतशिरोमणीत ‘खकक्षा’ म्हणजे आकाशाचा परीघ १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजने सांगितला आहे. हा आकडा डोळे दिपवणारा असला तरी तो येतो कोठून हे पाहिले म्हणजे त्यामागची रीत कळते. चंद्राच्या कक्षेवर एका कलेला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाला, १५ योजने पडतात असे धरले आहे. वर्तुळात २१,६०० कला असल्याने चंद्राची कक्षा ३,२४,००० योजने होते. एका कल्पात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांत, चंद्राच्या ५७,७५,३३,००,००० फेऱ्या होतात. या दोन संख्यांचा गुणाकार हीच खकक्षा. सूर्यसिद्धांतात फेऱ्यांची संख्या किंचित वेगळी असल्याने तेथील खकक्षाही तेवढ्याच प्रमाणात वेगळी येते. म्हणजे हे आकाशाचे मोजलेले माप नव्हे. एका कल्पात प्रत्येक ग्रह सारखेच अंतर कापतो असे गृहीत धरून काढलेली ती एकूण मजल आहे.

भास्कराचार्यांचा मोठेपणा त्यापुढच्या विवेचनात आहे. या संख्येला काही जण ब्रह्मांडाच्या कवचाचा घेर म्हणतात, पौराणिक तिला लोकालोक पर्वताचा घेर म्हणतात, तर गोलाचे ज्ञान तळहातावरच्या आवळ्यासारखे असलेले गणिती सूर्यकिरणे जेथवर अंधार हटवतात तेथवरचा आकाशाचा घेर म्हणतात, अशी मते नोंदवून ते स्वतःचा निर्णय देतात. त्याचा आशय असा, की ब्रह्मांड एवढे असो वा नसो, ग्रह एका कल्पात जितकी योजने चालतो त्याला पूर्वाचार्यांनी खकक्षा म्हटले आहे, एवढेच आपले मत. बाराव्या शतकात सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या या गणितज्ञाने पुराणातला शब्द आणि गणितातली राशी यांची एका वाक्यात फारकत केली. विश्वविषयक शब्दांच्या इतिहासात या वाक्याइतके स्वच्छ विधान क्वचितच सापडते, आणि प्राचीन शब्दांत आधुनिक विज्ञान शोधणाऱ्यांनी ते आवर्जून वाचावे असे आहे.

आकार असलेल्या विश्वाची दुसरी, आणि गणिताच्या दृष्टीने अधिक काटेकोर, कल्पना जैनांच्या ‘लोक’ या शब्दात आहे, आणि तिच्याकडे पाहण्यास धाराशिव जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. या जिल्ह्यातील भूम तालुक्यात कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. सिद्धक्षेत्र म्हणजे जेथून मुनी मोक्षाला गेले असे स्थान. कुंथलगिरीहून कुलभूषण आणि देशभूषण हे मुनी मुक्त झाले अशी परंपरा आहे, आणि विसाव्या शतकातील आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी सल्लेखनेने, म्हणजे आहाराचा क्रमाने त्याग करून, येथेच देह ठेवला. ‘मुक्त जीव कोठे जातो?’ या प्रश्नाचे जैन उत्तर भूगोलाच्या भाषेत आहे: तो लोकाच्या माथ्यावरील सिद्धशिलेशी जातो आणि तेथेच थांबतो. तो त्याहून वर का जात नाही, याचे कारण असे दिले जाते की गतीला साहाय्य करणारे ‘धर्म’ नावाचे द्रव्य लोकाच्या सीमेपर्यंतच आहे. त्यापलीकडे ‘अलोक’, म्हणजे नुसते रिकामे, अनंत आकाश. पुण्यवाचक ‘धर्म’ शब्दाशी या द्रव्याची गल्लत करू नये. जैन आचार्य ‘लोक’ शब्दाची फोडही यालाच धरून करतात: जेथे जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, काल आणि आकाश ही सहा द्रव्ये ‘लोकली’ म्हणजे पाहिली जातात तो लोक.

पाय फाकवून आणि कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसासारखा या लोकाचा आकार असतो. त्याची उंची १४ रज्जू, तळाशी रुंदी ७ रज्जू, कमरेशी १, कोपरांच्या उंचीवर ५ आणि माथ्याशी पुन्हा १ रज्जू. दिगंबर परंपरेनुसार जाडी सर्वत्र ७ रज्जू. रज्जू हे कल्पनेपलीकडचे मोठे अंतर आहे, पण हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल असा आहे. खालच्या भागाचे क्षेत्रफळ ७ आणि १ यांच्या सरासरीला उंची ७ ने गुणून २८ येते. वरच्या दोन तुकड्यांची सरासरी ३ आणि प्रत्येकी उंची साडेतीन, म्हणून ते २१. एकूण ४९, आणि त्याला जाडी ७ ने गुणल्यावर ३४३, म्हणजे साताचा घन. इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झालेल्या ‘धवला’ या टीकेत वीरसेनाचार्यांनी याच मुद्द्यावर वाद घातला आहे. लोकाचा आडवा छेद गोल धरला तर घनफळ १६५ घनरज्जूही भरत नाही, हे त्यांनी गणित करून दाखवले आणि परंपरेने सांगितलेल्या ३४३ साठी चौकोनी छेदच घ्यावा लागतो असे ठरवले. हा ग्रंथ प्राध्यापक हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून छापून निघू लागला, तेव्हा कोठे हे गणित सामान्य अभ्यासकाला पाहायला मिळाले. आकाराबद्दलची श्रद्धा अगोदर आणि गणित नंतर, हे खरे. परंतु एका शब्दाचा अर्थ घनफळापर्यंत नेऊन तपासण्याची ही शिस्त आदर वाटावा अशीच आहे.

वैदिक परंपरेत ‘लोक’ शब्दाचा जुना अर्थ ‘मोकळी जागा’, ‘उजेडाची जागा’ असा आहे. तिथून तो ‘राहण्याचे स्थान’ आणि मग ‘तेथे राहणारे’ असा सरकला. मराठीने हे शेवटचे टोक पकडले आणि लोक म्हणजे माणसे हाच अर्थ मुख्य केला, तरी इहलोक, परलोक, त्रैलोक्य या समासांत जुना अर्थ टिकून आहे. धाराशिव जिल्ह्यातीलच तेर येथे, गोरा कुंभाराच्या गावी, विटांत बांधलेले त्रिविक्रमाचे अतिप्राचीन मंदिर आहे. त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार असून ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. आत मूर्ती आहे ती तीन पावलांत तिन्ही लोक व्यापणाऱ्या विष्णूची, म्हणजे ऋग्वेदात सूचित झालेल्या आणि वामनकथेत विस्तारलेल्या कल्पनेची. येथे विश्व म्हणजे अंडे नाही की मानवाकृती नाही. भूमी, अंतरिक्ष आणि द्यौ असे ते तीन मजली आहे, आणि त्याचे माप पावलाने घेतले जाते.

संसार आणि प्रपंच या शब्दांना मात्र मराठीत एकदम घरगुती वळण लागले. ‘संसार’ म्हणजे ‘सम्’ अधिक ‘सृ’, सतत वाहत राहणे, एका जन्मातून दुसऱ्यात जात राहणे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या ओसरीत या अर्थाचे भवचक्र रंगवलेले आहे. त्याच्या आऱ्यांमधील चित्रे पाहून सुरुवातीच्या युरोपीय प्रवाशांनी ते राशिचक्र समजून लेण्यालाच राशिचक्राचे नाव दिले होते. ‘प्रपंच’ म्हणजे पसारा, विस्तार. महानुभाव पंथाच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य मानले असून प्रपंच हे जड जगाचे पारिभाषिक नाव आहे. आज मराठी माणूस संसार थाटतो, प्रपंच चालवतो आणि पूर आला की संसार उघड्यावर पडतो. जन्ममरणाचे चक्र चूल, भांडी आणि मुलाबाळांपर्यंत येऊन थांबले, याला अर्थाचा संकोच म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु संतांनी ज्या श्रोत्यांपुढे संसारातून तरून जाण्याची भाषा केली, त्या कुणबी, कुंभार, दासी, शिंपी यांच्या दृष्टीने चक्र चालते ते घरातच. म्हणून हा संकोच नसून अर्थ अनुभवाच्या जागी येऊन बसणे आहे असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

‘जग’ हा मराठीत सर्वांत रुळलेला शब्द संस्कृत ‘जगत्’चा वारस आहे, आणि ‘जगत्’ हे ‘गम्’ म्हणजे जाणे या धातूपासून झाले आहे. वेदात ‘जगत्’ म्हणजे हलणारे, चालणारे प्राणिमात्र, आणि त्याच्या जोडीला स्थिर उभे असलेले असा विरुद्धार्थी शब्द येतो; ‘चराचर’ या मराठी संतवाङ्मयातल्या लाडक्या शब्दात ती जोडी टिकली आहे. पुढे फक्त हलणारा भाग उरला आणि तोच सगळ्याचे नाव झाला. मराठीत तर ‘जग’ पृथ्वीपुरते आणि पृथ्वीवरच्या माणसांपुरते आटोपशीर झाले: जगरहाटी, जगावेगळा, जगाच्या पाठीवर या प्रयोगांत तारे नाहीत, माणसे आहेत. दुनिया या शब्दाचे मूळही जवळपणाच्या अर्थाचे, म्हणजे मरणोत्तर जीवनाच्या तुलनेत हाताजवळचे जीवन असे असल्याने, दुनियादारी ही जगरहाटीच्या शेजारी बेमालूम बसली.

‘विश्व’ला मराठीत जी उंची मिळाली ती ज्ञानेश्वरांमुळे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा अकरावा अध्याय विश्वरूपदर्शनाचा आहे, आणि ग्रंथाच्या अखेरीस पसायदान ज्या देवाकडे मागितले आहे त्याला ‘विश्वात्मक’ असे विशेषण आहे. येथे ‘विश्व’ शब्दाचे दोन्ही इतिहास एकत्र येतात: वेदातला ‘सर्व’ हा अर्थ आणि परंपरेच्या व्युत्पत्तीतला ‘आत शिरलेला’ हा अर्थ. हेच स्थान ‘ब्रह्मांडात्मक’ या शब्दाला मिळाले नसते, कारण कवच असलेल्या वस्तूला आत आणि बाहेर असतेच. रामदासांच्या दासबोधात ब्रह्मांड येते ते बहुधा पिंडाच्या जोडीने, आणि ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ ही सर्वतोमुखी म्हण त्यांनी नवव्या दशकात नुसती स्वीकारली नाही, तर ती प्रचीतीला उतरते का असा प्रश्न केला आहे. लोकभाषेत ब्रह्मांडाची आठवण येते ती संकटात. डोळ्यांपुढे ब्रह्मांड उभे राहिले की माणसाची पुरती भंबेरी उडालेली असते.

आधुनिक खगोलशास्त्र मराठीत लिहिले जाऊ लागले तेव्हा निवड करणे भाग पडले. हिंदीत ‘ब्रह्मांड’ आणि त्यावरून ‘ब्रह्मांडिकी’ हे शब्द रूढ झाले; मराठीत मुख्यतः ‘विश्व’ राहिले, आणि मराठी विश्वकोशाने विश्वाच्या घडणीचा व स्थितीचा विचार करणाऱ्या शास्त्राला ‘विश्वस्थितिशास्त्र’ हे नाव दिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून निघालेल्या त्या ग्रंथाच्या स्वतःच्या नावातही ‘विश्व’ आहे, आणि तेथे त्याचा अर्थ पुन्हा वेदातल्यासारखा ‘सर्व’ असा आहे. ही निवड योग्यच होती. सुमारे १,३८० कोटी वर्षे वयाचे, प्रसरण पावणारे आणि ज्याला कडा सापडलेली नाही असे जे काही आहे, त्याला कवच असलेल्या अंड्याचे नाव देणे म्हणजे पहिल्याच पावलाला चुकीचे चित्र मनात रुजवणे होय. ‘विश्व’ कोणतेच चित्र लादत नाही. ग्रीक ‘कॉसमॉस’मध्ये नीट मांडणी आणि शोभा हा अर्थ आहे, लॅटिन ‘उनिव्हेर्सुम’मध्ये सगळे मिळून एक झालेले असा, ‘विश्व’ या दुसऱ्याच्या जवळ आहे.

मात्र अनेक विश्वे असू शकतात का, हा प्रश्न भौतिकीत गांभीर्याने विचारला जाऊ लागल्यापासून एक अडचण उभी राहिली आहे: ‘सर्व’चे अनेकवचन करायचे कसे? ‘बहुविश्व’ हा शब्द चालू झाला आहे, पण तर्काच्या दृष्टीने तो ओढाताणीचा आहे, आणि येथे मात्र अनंतकोटींची सवय असलेले ‘ब्रह्मांड’ अधिक सोयीचे पडले असते, हे मान्य करावे लागते. दुसरीकडे ‘विश्व’ अगदी लहानही होते. पुण्यातील ‘आयुका’ या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी विश्वाच्या उत्पत्तीवर आयुष्यभर संशोधन केले आणि मराठीतून त्यावर विपुल लिहिले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’ असे असून त्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दीर्घिकांचे विश्व आणि एका माणसाचे विश्व यांना एकच शब्द पुरतो, आणि मराठी वाचकाला त्यात क्षणभरही गोंधळ वाटत नाही.

गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे व्युत्पत्तीतून विज्ञान काढण्याची हौस: अंडे फुटले म्हणून महास्फोट, ‘जगत्’ म्हणजे गतिमान म्हणून विश्वाचे प्रसरण, अशी समीकरणे भाषणांतून आणि फिरत्या संदेशांतून मांडली जातात. महास्फोटाची कल्पना दीर्घिकांच्या दूर जाण्याच्या मोजमापावर, १९२७ ते १९३१ या काळातील लमेत्र यांच्या गणितावर आणि १९२९ मधील हबल यांच्या निरीक्षणांवर उभी आहे. शब्दाच्या धातूवर नाही. छांदोग्यातले अंडे हे एका मोठ्या प्रतिभेने केलेले चित्र आहे आणि त्याची थोरवी त्या चित्रात आहे. त्याला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र चिकटवल्याने चित्रही बिघडते आणि विज्ञानही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा उभारण्यास २०२३ मध्ये केंद्र सरकारची अंतिम मंजुरी मिळाली असून, ती सुरू होईल तेव्हा मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना हा फरक समजावून सांगण्याची जबाबदारी मराठीत लिहिणाऱ्यांवरच येणार आहे.

दुसरे ठिकाण रोजच्या वृत्तपत्रातले आहे. मराठीने ‘जागतिक’ म्हणजे पृथ्वीवरील सर्व देशांचे आणि ‘वैश्विक’ म्हणजे सर्व विश्वाचे किंवा सर्व माणसांना लागू पडणारे, असा भेद चांगला जपला होता. जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक महायुद्ध एका बाजूला. वैश्विक सत्य, वैश्विक करुणा दुसऱ्या बाजूला. १९९४ मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी दोन वेगवेगळे किताब जिंकले तेव्हा मराठी पत्रांनी पहिलीला विश्वसुंदरी आणि दुसरीला जगत्सुंदरी म्हणून याच भेदाचा उपयोग केला. अलीकडे हिंदीच्या दाबाने ‘वैश्विक महामारी’, ‘वैश्विक बाजारपेठ’, ‘वैश्विक तापमानवाढ’ असे प्रयोग सर्रास होऊ लागले आहेत. महामारी पृथ्वीवर आली, ताऱ्यांवर नाही; बाजारपेठही पृथ्वीपुरतीच आहे. हाताशी असलेला ‘जागतिक’ हा अचूक शब्द सोडून देण्यात मराठीचा तोटाच आहे, आणि पाठ्यपुस्तके व बातम्या लिहिणाऱ्यांनी तो जपून वापरावा.